‘शांतता राखा’ : एका पाटीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी घरातील एका वयस्कर नातलगासोबत आम्हाला नाशिकमधील एका रुग्णालयात सलग पाच रात्री काढाव्या लागल्या. वॉर्डाच्या दारावर निळ्या अक्षरांत ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. पाटीच्या खालून रात्रभर लोखंडी चाकांची ट्रॉली खडखडत जात-येत होती. स्टूल फरशीवरून ओढले जात होते. बाहेरच्या रस्त्यावर ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि शेजारच्या खाटेजवळचे यंत्र दर काही मिनिटांनी टिटकारत होते. पहिल्या रात्री ते वाजले की आम्ही धास्तावून उठत होतो. तिसऱ्या रात्री शेजारच्या रुग्णाच्या मुलाने ते बंद करण्याचे बटण शोधून काढले आणि तो स्वतःच ते दाबू लागला. सिस्टरांनीही हरकत घेतली नाही. वीस खाटांमागे त्या एकट्याच होत्या.

आमच्या नातलगांना त्या पाच रात्रींत सलग दोन तासही झोप लागली नाही. चौथ्या दिवशी ते दिवसाढवळ्या असंबद्ध बोलू लागले आणि घरी आल्यावर दोन रात्री झोप होताच पूर्ववत झाले. त्यांना नेमके काय झाले होते, याचे निदान करण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण एक प्रश्न मनात राहिला. पाटीवर लिहिलेली शांतता म्हणजे नेमकी किती? ती मोजता येते का? ती ‘राखायची’ कोणी? या प्रश्नांची उत्तरे शोधताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडत आहोत.

रस्त्यावर अंथरलेला पेंढा

आजाऱ्याला शांतता हवी, हे माणसाला फार पूर्वीपासून कळत होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सुखवस्तू घरात कोणी गंभीर आजारी असले, तर घरासमोरच्या फरसबंद रस्त्यावर पेंढा अंथरीत. घोडागाड्यांच्या लोखंडी धावांचा खडखडाट त्यामुळे दबत असे. अर्थात ही सोय ज्याला परवडेल त्यालाच. गरीब रुग्णाच्या दारात पेंढा टाकायला कोणी येत नसे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात हवा, उजेड, अन्न यांच्या बरोबरीने गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील निरीक्षणे आजही तपासून पाहण्यासारखी आहेत. त्यांच्या मते आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कसा आहे, हे रुग्णाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. अचानक आणि अनपेक्षित आवाज संथ आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. दाराबाहेर चाललेली कुजबुज मोठ्याने बोलण्यापेक्षा वाईट, कारण रुग्ण ती ऐकण्याचा प्रयत्न करीत राहतो. परिचारिकेच्या कपड्यांची सळसळसुद्धा त्यांच्या नजरेतून, म्हणजे कानातून, सुटली नव्हती. गोंगाट टाळणे हे त्यांनी सौजन्याचे नव्हे, तर शुश्रूषेचे काम मानले.

भोंग्यांची मोजणी

यापुढचे पाऊल न्यूयॉर्कमध्ये पडले. हडसन नदीकाठी राहणाऱ्या ज्यूलिया बार्नेट राइस या वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या बाई होत्या. नदीतील लहान आगबोटी रात्रभर भोंगे वाजवीत. त्यांतले बरेचसे इशाऱ्यासाठी नसून एकमेकांना हाक मारण्यासाठी असत. राइसबाईंनी नुसती तक्रार केली नाही. कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी नदीकाठी बसवून त्यांनी भोंगे मोजून घेतले. एका रात्रीत ही संख्या तीन हजारांच्या घरात गेली. काठावरच्या रुग्णालयांत हजारो रुग्ण होते, त्यांच्या डॉक्टरांची मतेही त्यांनी गोळा केली. १९०६ साली त्यांनी अनावश्यक गोंगाट दडपण्यासाठी संस्था काढली. १९०७ मध्ये बंदरांतील निष्कारण भोंग्यांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला आणि न्यूयॉर्कमध्ये रुग्णालयांभोवती शांतता क्षेत्रे आली. आपल्याकडील रुग्णालयाबाहेरच्या ‘हॉर्न वाजवू नका’ या फलकाची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

शिक्षकांना आवडेल अशी या कथेतील गोष्ट पुढेच आहे. राइसबाईंनी शाळकरी मुलांची एक शाखा उघडली. रुग्णालयाजवळ आम्ही गलका करणार नाही, अशी प्रतिज्ञा मुले करीत आणि छातीवर बिल्ला लावीत. या शाखेचे मानद अध्यक्ष होते मार्क ट्वेन.

राइसबाईंच्या संस्थेच्या नावातील ‘अनावश्यक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रुग्णवाहिकेचा भोंगा आवश्यक आहे. हाक मारण्यासाठी वाजवलेला हॉर्न आवश्यक नाही. हा भेद करणे माणसाला जमते. पण कायद्याला आणि यंत्राला आकडा लागतो, आणि तो आकडा १९०७ साली अस्तित्वात नव्हता. भोंगे किती वाजले हे मोजता येत होते, पण किती मोठ्याने वाजले हे मोजण्याचे सर्वमान्य एकक नव्हते.

आवाजाला माप मिळाले

ते एकक टेलिफोनच्या तारांतून आले. लांबच्या तारेत संदेशाची शक्ती किती घटते हे मोजण्यासाठी बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी १९२० च्या दशकात एक लघुगणकी एकक वापरात आणले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून ते पुढे ‘डेसिबल’ म्हणून रूढ झाले. १९२९ साली न्यूयॉर्क शहराने गोंगाट-निवारण आयोग नेमला, तेव्हा याच प्रयोगशाळेची उपकरणे एका मोटारीत घालून शहरभर फिरवण्यात आली. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी आपला कान कोणत्या वारंवारतेला किती संवेदनशील आहे, याचे आलेख प्रसिद्ध केले. कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो, हे लक्षात घेऊन उपकरणाने केलेल्या मोजणीला ‘ए’ भारित मोजणी म्हणतात. या लेखातील पातळ्या त्याच मोजणीच्या आहेत.

डेसिबलचे गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजावता येते. दर चौरस मीटरला १०⁻¹² वॅट ही ऐकू येण्याची किमान तीव्रता शून्य डेसिबल मानली आहे. तीव्रता दहापट झाली की पातळी १० डेसिबलने वाढते आणि दुप्पट झाली की सुमारे ३ डेसिबलने. म्हणजे ५० डेसिबल हे ३० डेसिबलपेक्षा ‘वीसने जास्त’ एवढेच नसते, तीव्रता शंभरपट असते. कानाला मात्र दर १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. वृत्तपत्रातील डेसिबलचे आकडे वाचताना ही गोष्ट विसरली जाते.

जंतूंशी लढाई आणि भिंतींचा निनाद

मोजण्याचे साधन हाती आले, म्हणजे रुग्णालये शांत व्हायला हवी होती. झाले उलटेच. त्याचे एक कारण वैद्यकाच्या मोठ्या विजयात दडलेले आहे.

जंतुसिद्धान्त मान्य झाल्यावर रुग्णालयांतून पडदे, गालिचे, लाकडी फळ्या हद्दपार झाल्या. धुता-पुसता येतील अशा फरशा, चकचकीत टाइल्स आणि तैलरंगाच्या भिंती आल्या. हे योग्यच होते. पण जो पृष्ठभाग जंतूला थारा देत नाही, तो बहुधा आवाजही शोषून घेत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९० च्या दशकात एका व्याख्यानगृहात रात्री-अपरात्री गाद्या नेऊन मांडल्या आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून निघालेले सूत्र साधे आहे. निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण.

१२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच असा वॉर्ड घेऊ. घनफळ ३८४ घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून ३५२ चौरस मीटर. गुळगुळीत गिलावा व फरशी आवाजाचा सुमारे ३ टक्केच भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण १०.६ आणि निनादकाल जवळजवळ ६ सेकंद. वीस खाटा, गाद्या व माणसे आली की शोषणात साधारण २० ची भर पडते आणि निनादकाल २ सेकंदांवर येतो. आता छताला ६० टक्के आवाज शोषणारे तक्ते लावले, तर शोषण ८५ होते, निनादकाल पाऊण सेकंदाच्या आत येतो आणि वॉर्डातील सर्वसाधारण पातळी ४ ते ५ डेसिबलने उतरते. म्हणजे एकाही माणसाला ‘गप्प बसा’ न सांगता तीव्रता निम्म्याहून कमी होते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या एका कर्करोग विभागात जंतुरोधक कापडात गुंडाळलेले काचतंतूंचे तक्ते लावले, तेव्हा पातळी सुमारे ५ डेसिबलने उतरल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतू आणि आवाज, दोघांशी एकदम लढता येते.

याच रुग्णालयातील संशोधकांनी २००५ मध्ये जगभरातील जुन्या-नव्या मोजण्या एकत्र करून पाहिल्या. रुग्णालयातील दिवसाची सरासरी पातळी १९६० साली ५७ डेसिबल होती, ती वाढत वाढत ७२ वर आली. रात्रीची ४२ होती, ती ६० झाली. पंचेचाळीस वर्षांत रात्रीच्या आवाजाची तीव्रता साठपट! याच काळात पंखे, वातानुकूलन, ध्वनिक्षेपकावरून मारलेल्या हाका आणि इशारा देणारी यंत्रे वाढत गेली होती.

मग किती आवाज चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली मार्गदर्शक पातळी दिली. वॉर्डात सरासरी ३० डेसिबल आणि रात्री एखादा आवाज झालाच तर तो ४० च्या वर नको. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७४ मध्ये रुग्णालयाच्या आत ४५ ही पातळी सुचवली होती. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षासाठी तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्ये ४५ चीच मर्यादा सांगितली. आपल्याकडील स्थापत्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रुग्णालयासाठी ३५ ते ४० हा पल्ला दिलेला असतो. २००५ च्या त्या पाहणीत जागतिक आरोग्य संघटनेची पातळी पाळणारे एकही रुग्णालय सापडले नाही.

आपला कायदा आणि डॉक्टरांचा आग्रह

महाराष्ट्रात वाद्ये व ध्वनिक्षेपक यांवर नियंत्रणाचा अधिकार पोलिसांना १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानेच दिला होता. पण त्यात आकडा नव्हता. लोकांना उपद्रव होतो की नाही, हे अधिकाऱ्याने ठरवायचे. १९८५ मध्ये मुंबईतील डॉक्टर यशवंत त्र्यंबक ओक आणि त्यांचे सहकारी गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. १९८७ मध्ये हवा प्रदूषण कायद्यातील ‘प्रदूषक’ या व्याख्येत आवाजाचा समावेश झाला आणि डिसेंबर १९८९ मध्ये देशभरासाठी आकडे आले. शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. तुलनेसाठी, निवासी भागाला दिवसा ५५ व रात्री ४५, व्यापारी भागाला ६५ व ५५.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. अर्धवट उघड्या खिडकीतून आत येताना आवाज साधारण १५ डेसिबलने घटतो. म्हणजे बाहेर ५० असेल, तर आत ३५. बाहेर ४० असेल, तर आत २५. रस्त्यावर कायदा पाळला गेला, तर उघड्या खिडक्यांच्या वॉर्डातही झोप लागेल असा हा हिशेब जुळतो.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम झाले. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिक्षेपकांवरील बंदी पक्की केली. २०१० मध्ये शांतता क्षेत्रात हॉर्न व फटाके वाजवण्यास स्पष्ट मनाई झाली. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. वेगळी घोषणा झालेली नसली तरी रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्रच होय, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्यानंतर एका वर्षाने, १० ऑगस्ट २०१७ रोजी, केंद्राने नियमात दुरुस्ती केली. राज्य शासनाने अधिसूचित केल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र मानले जाणार नाही. उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला दुरुस्तीला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबरला त्या स्थगितीलाच स्थगिती दिली.

म्हणजे रुग्णाची झोप आता त्याच्या आजारावर नव्हे, तर सरकारी कागदावर आपल्या रुग्णालयाचे नाव आहे की नाही, यावर अवलंबून राहू शकते. या इतिहासातील हे वळण आम्हाला सर्वांत चिंताजनक वाटते.

नाशिकच्या रस्त्यावर

आता हे सारे नाशिकला लावून पाहू. जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रस्त्यावर. मध्यवर्ती बस स्थानक आणि सभा-मेळाव्यांचे गोल्फ क्लब मैदान तेथून जवळच. महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय द्वारका परिसरात, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या वर्दळीत. बिटको रुग्णालय नाशिकरोडच्या गजबजाटात. यात कोणाची चूक काढायची नाही. सार्वजनिक रुग्णालय बस जिथे थांबते तिथेच हवे, नाहीतर पेठ-सुरगाण्याहून आलेल्या माणसाने पोचायचे कसे? जी जागा रुग्णाला सोयीची, तीच गोंगाटाची. म्हणूनच १०० मीटरची गरज.

पण १०० मीटर पुरतात का? मोकळ्या जागेत एका उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते, दहापट झाले की २० ने. १ मीटरवर ११० डेसिबल देणारा ध्वनिक्षेपक १० मीटरवर ९० आणि १०० मीटरवर ७० देतो. उघड्या खिडकीतून आत ५५. शिफारस ३० ची. तीव्रता सुमारे तीनशेपट. म्हणजे १०० मीटरची मर्यादा त्या वर्तुळाच्या आतला आवाज थांबवते, पण वर्तुळाच्या काठावरच्या ध्वनिक्षेपकापासून संरक्षण देत नाही. तेथे आवाजाचा उगमच लहान ठेवावा लागतो.

नाशिक ढोल हा तर आपला अभिमान. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत तो नसेल, तर नाशिककरांना चुकल्यासारखे होईल. इथे एक गणित ध्यानात घ्यावे. एकाच्या जागी दोन ढोल वाजले तर ३ डेसिबल वाढतात, एकाच्या जागी बत्तीस वाजले तर १५. उलट, रुग्णालयाजवळ आल्यावर बत्तीसांपैकी एकोणतीस ढोल थांबले आणि तीनच वाजत राहिले, तर मिरवणूक न थांबता पातळी १० डेसिबलने उतरते. कानाला आवाज निम्मा वाटतो. पूर्ण थांबले तर उत्तमच. दर बारा वर्षांनी सिंहस्थात लाखोंची गर्दी आवरताना ध्वनिक्षेपक आवश्यकच असतो. हरवलेल्या माणसाची सूचना हा गोंगाट नव्हे. राइसबाईंचा ‘अनावश्यक’ हा शब्द येथे पुन्हा उपयोगी पडतो.

२०१६ च्या निकालानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेकडून महापालिका असलेल्या शहरांचे ध्वनिनकाशे करून घेतले. मोजणीची साधने आता आपल्याकडे आहेत. पण हे सारे माप रस्त्यावरचे आहे. वॉर्डाच्या आत काय चालते, याकडे आपला कायदा बघत नाही.

आतला आवाज

आणि अर्धा प्रश्न तर आतच आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी व्यक्तींना झोपेत रुग्णालयातील चौदा प्रकारचे आवाज ऐकवले. बाहेरच्या वाहतुकीपेक्षा यंत्रांच्या इशाऱ्यांनी आणि माणसांच्या बोलण्याने झोप अधिक मोडली, आवाज बेताचा असतानाही. नाइटिंगेल यांनी उपकरणाशिवाय टिपलेले हेच होते. अर्थपूर्ण आवाज जास्त जागवतो. सरासरी डेसिबल ही गोष्ट सांगत नाही.

यंत्राचा इशारा सतत वाजू लागला की माणसाचे कान त्याला सरावतात. अमेरिकेतील रुग्णालयांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला, तो याच कारणासाठी. २००९ ते २०१२ या काळात इशारा-यंत्रांशी संबंधित ९८ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या, त्यांपैकी ८० मध्ये रुग्ण दगावला होता. आमच्या शेजारच्या खाटेवरील तो मुलगा बटण दाबत होता, तेव्हा तो शंभर खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेला होता. एकशे एकावा खरा असता तर? गोंगाट झोप घेतोच, शिवाय मदतीची हाकही झाकून टाकतो.

यावरचे उपाय महाग नाहीत. ट्रॉलीला रबरी चाके आणि चाकांना वेळेवर तेल, स्टुलांच्या पायांना रबरी टोप्या, दारांना आपटू न देणारी झडप, इशाऱ्यांच्या मर्यादा रुग्णानुसार लावणे, रात्री भेटणाऱ्यांची संख्या कमी करणे. महाराष्ट्रातील डॉक्टर व परिचारिका यांचे अभ्यासक्रम पाहणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. हात धुण्याची शिस्त जशी शिकवली जाते, तशी आवाजाची शिस्तही शिकवता येईल.

शाळेनेही थोडे करावे. मोबाइलवर ध्वनिपातळी दाखवणारी मोफत साधने मिळतात. ती अचूक नसतात, पण तुलनेसाठी पुरतात. मुलांनी रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवून निनाद ऐकावा, मग तेथे सतरंज्या टाकून पुन्हा ऐकावा. गावातील रुग्णालयाच्या फाटकापासून, आत न जाता, दहा मिनिटांत किती हॉर्न वाजले हे मोजावे आणि त्यांतले किती आवश्यक होते यावर वर्गात वाद घालावा. आपले रुग्णालय अधिसूचित शांतता क्षेत्रात आहे का, असे पत्र वर्गाने महापालिकेला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लिहावे. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांनी भोंगे मोजले, तेव्हा त्यांच्या हाती डेसिबलही नव्हता. वही-पेन्सिल तेवढी होती, आणि तेवढ्यावर कायदा बदलला.